सोसनची मुळी आणि माझं नाक

आक्का,

चाळीस वर्षांत पहिल्यांदा असं होतंय, की मी बोलणार आणि तुम्ही मध्येच "गप गं मास्तरनी" म्हणून माझं वाक्य तोडणार नाही. मला याची सवय नाही. परवा तुमच्या तेराव्याला मला दोन शब्द बोलायला उभं केलं. मी एक वाक्य बोलले आणि आपोआप थांबले. तुम्ही तोडाल म्हणून थांबले. कुणी तोडलंच नाही. मग पुढचं सुचेना आणि मी खाली बसले. बायका कुजबुजल्या, धाकट्या जावेला भरून आलं. भरून वगैरे काही आलं नव्हतं, आक्का. मी वाट बघत होते.

बाकीचे मात्र भरभरून बोलले. तुम्ही सोशिक होता म्हणे. मनमिळाऊ होता म्हणे. तुम्ही! दूधवाल्यापासून ते विजेच्या खात्यातल्या साहेबापर्यंत ज्यांच्याशी तुमचं वाजलं नाही असं एक माणूस या गावात दाखवा म्हणावं. एका गृहस्थांनी तर तुम्हाला मितभाषी म्हटलं. ते बहुधा चुकीच्या तेराव्याला आले होते.

म्हणून लिहायला बसले. आपला जो वाद अर्धा राहिला तो मला पुरा करायचा आहे, आणि तो तुमच्याशीच करायचा आहे.

मी नगरहून या घरात सून म्हणून आले तेव्हा पोलीस ॲक्शनला आठ-नऊ वर्षं होऊन गेली होती. शाळांतली उर्दू जाऊन मराठी आली होती आणि मराठीतून विज्ञान शिकवणारी माणसं औरंगाबादेत मिळत नव्हती. त्यामुळे लग्नाआधीच मुलींच्या शाळेत माझी नोकरी ठरली होती. पैठण गेटजवळच्या तीन खोल्यांत आपण राहायचो. शेजारच्या बायका मला बघायला यायच्या, नवी नवरी म्हणून कमी आणि पगारी सून म्हणून जास्त.

पहिल्याच सकाळी तुम्ही माझ्या तळहातावर काळं दंतमंजन ठेवलंत. बदामाच्या टरफलांचा कोळसा, लवंग, सैंधव, आणि अजून काहीतरी. तुमच्या कमरेवर वर्षाची कुसुम होती आणि ती एक पांढरट, बोटाएवढी काडी चघळत होती.

"घास," तुम्ही म्हणालात. "आन् सांग, वास कसा हाय?"

मी घासलं. "छान आहे. लवंगेचा वास येतो."

"लवंग नाय गं. तिच्या मागचा."

"मागं काही नाही, आक्का."

तुम्ही माझ्याकडं असं बघितलंत की जणू मी दागिने खोटे घालून आले होते. मंजन पुन्हा माझ्या नाकाशी धरलंत. मी पुन्हा हुंगलं. लवंग, कोळसा, संपलं.

"नगरकडं समद्यांना पडसं असतंय का?" तुम्ही विचारलंत.

विषय बदलावा म्हणून मी कुसुमकडं बोट दाखवलं. "हिच्या तोंडात काय घातलंय?"

"सोसनबाई."

"कोण?"

"सोसनबाई! दात यायलेत तिला. हिरड्या शिवशिवत्यात. ही चघळली की पोरगी गप बसती."

मला दोन दिवस वाटत होतं की सोसनबाई ही घरातली कुणी म्हातारी असावी आणि तिनं ती काडी दिली असावी. मग कळलं की काडीच सोसनबाई. शहागंजातले अत्तारमियां, म्हणजे जडीबुटी विकणारे म्हातारे दुकानदार, त्या मुळीला 'बेख-ए-सोसन', म्हणजे सोसनची मुळी, म्हणायचे. तुम्ही त्यातलं 'बेख' टाकून दिलंत आणि मागं 'बाई' लावलीत. मी शाळेतलं वनस्पतिशास्त्राचं पुस्तक उघडून तुम्हाला दाखवलं, की ही आयरिस नावाच्या झाडाची मुळी, काश्मीरकडून येते, आपल्या बाजारात हिला बाळवेखंडही म्हणतात. तुम्ही चित्र नीट बघितलंत.

"आसंल तिकडं आयरिस," तुम्ही म्हणालात. "हितं ती सोसनबाई हाय."

मी शास्त्राची पदवीधर. बाळाच्या तोंडात बाजारातली मुळी मला बघवेना. एके दिवशी तुम्ही बाहेर गेल्यावर मी ती काडी पातेल्यात घालून वीस मिनिटं उकळली. निर्जंतुक केली. कुसुमनं ती तोंडात घेतली, एकदा चावली, माझ्याकडं बघितलं आणि फेकून दिली. पुढचे तीन तास ती रडली. तुम्ही आलात, जमिनीवरची मऊ पडलेली मुळी उचललीत, आणि एवढंच म्हणालात, "शिजवलीस व्हय? फोडणी कामून नाय दिली?"

आपल्या घरात त्या मुळीला सुट्टी नसायची. खोकला झाला की पूड मधातून. डोकं दुखलं की लेप कपाळावर. दिवाळीच्या उटण्यात ती, कपड्यांच्या ट्रंकेत पुरचुंडी बांधून ती, न्हायला वेळ नसेल तर केसांना चोळायलाही तीच. एकदा थोरल्या भाऊजींचं, म्हणजे तुमच्या यजमानांचं, नाक चोंदलं तेव्हा तुम्ही त्यांना पूड तपकिरीसारखी ओढायला लावलीत. भाऊजी इतक्या वेळा शिंकले की शेवटी शेजारून माणूस विचारायला आला. नाक मोकळं झालं हे खरं. पण त्यानंतर भाऊजी तुमच्यासमोर कधी नाक ओढायचेसुद्धा नाहीत.

आणि माझ्या गालावरचा वांग! मधात कालवून महिनाभर लावलीत मला. मी हसायचे, पण गाल पुढं करायचे. वांग होता तिथंच राहिला. मी आरशात दाखवून म्हटलं, "बघा, गेला का?" तुम्ही म्हणालात, "गेला नाय. पर शरमून फिका झालाय."

खरी कीर्ती पावडरीची. तांदूळ भिजवायचे, वाटायचे, तळाशी बसलेला साका सुकवायचा, मुळीच्या पुडीबरोबर मलमलीतून तीनदा गाळायचा. मुकुंदवाडीपासून बायका डबी घेऊन यायच्या. तोंडाला लावायच्या, डोळे मिटायच्या आणि म्हणायच्या, "आक्का, काय वास हाय हो!" मी कोपऱ्यात वह्या तपासत बसलेली असायचे. तुम्ही तिथून माझ्याकडं एक नजर टाकायचात. ती नजर मला फार लागायची. मला खरोखर वाटायचं की या सगळ्या बायका तुमचं मन राखायला खोटं बोलतात. शिकलेली मी एकटी, म्हणून खरं बोलणारीही मी एकटी.

अत्तारमियांकडं तुम्ही मला बरोबर न्यायचात. पोलीस ॲक्शनच्या आधी नवाबांच्या देवड्यांमधल्या बेगमा पडद्याच्या टांग्यात बसून, माणूस पाठवून त्यांच्याकडून मुळ्या मागवायच्या. त्यातल्या किती तरी जणी गाव सोडून गेल्या आणि पोती मागं राहिली. त्या दुकानाच्या पायरीवर तुम्ही, पाचोडच्या शेतकऱ्याची लेक, मांडी घालून बसायचात आणि मियां तुम्हाला अदबीनं "बेगम" म्हणायचे. तुम्हाला ते फार आवडायचं. घरी कुणी तुम्हाला बेगम म्हणत नव्हतं.

त्यांचा एक नियम होता. "ताजी जड बहोत झगडालू रैती, बेगम," ते म्हणायचे. "मूं पे लगाए तो मूं से लडती, पेट में गई तो पेट से लडती. दो-तीन बरस डब्बे में बैठने देव. फिर शरीफ होती, फिर उसमें बास आता."

मी मागं उभी राहून मान हलवायचे. वाळल्यानं गुण कमी होतात, वाढतील कसे? वाटेत तुम्हाला तसं समजावूनही सांगायचे. तुम्ही म्हणायचात, "गप गं मास्तरनी. मानूस बी तसंच असतंय."

पुढं माझ्या एका विद्यार्थिनीच्या फौजी वडिलांनी काश्मीरहून सोसनचे चार-पाच कंद आणून दिले. मी ते शाळेच्या मागच्या वाफ्यात लावले. तलवारीच्या पात्यांसारखी पानं आली, वाढली, पसरली. फूल काही येईना. आणि एका वर्षी, हिवाळा संपता संपता, एकच आलं. जांभळं, जीभ बाहेर काढल्यासारखं. मी तुम्हाला बोलावून आणलं. सातवीचा अख्खा वर्ग वाफ्याभोवती उभा होता आणि मी पाकळ्या मोजून दाखवत होते. तुम्ही पोरींना बाजूला सारून पुढं आलात. बराच वेळ बघितलंत.

"ही व्हय ती!" तुम्ही म्हणालात, आणि पदर सारखा करून त्या फुलाला वाकून नमस्कार केलात.

पोरी हसल्या. मी त्यांना रागावले. पण मलाही हसू येत होतं. आज ते आठवलं की हसू येत नाही. ज्या सोसनबाईची वीस वर्षं फक्त मुळी बघितली, तिचा चेहरा त्या दिवशी तुम्हाला दिसला होता.

आता कुसुमच्या लग्नाचं.

वेरूळचं घर. शेती, मुलगा शाळेत मास्तर, माणसं चांगली, फक्त विहीणबाई तिखट. त्यांनी मुलगी बघताना कुसुमला चालायला लावलं, बोलायला लावलं, उजेडात उभं करून तोंड बघितलं. तुमची तेव्हाच त्यांच्याशी थोडी चकमक झाली होती.

हळदीच्या उटण्याचं काम तुम्ही माझ्यावर सोपवलंत. मला त्याचा अभिमान वाटला होता. डबा उघडला तर जुनी मुळी जेमतेम चिमूटभर. अत्तारमियांकडंही माल आलेला नव्हता. मी तुम्हाला सांगायला हवं होतं. पण तुम्ही आचाऱ्याशी भांडत होता, आणि माझ्याजवळ शाळेचा वाफा होता. मी दोन मोठे कंद उपटले, किसले, दोन दिवस गच्चीवर वाळवले, कुटून उटण्यात मिसळले. पुस्तकाच्या हिशेबानं मी ते जास्तच गुणकारी केलं होतं. कुणाला बोलले नाही. नंतर सगळ्यांनी कौतुक केल्यावर सांगायचं ठरवलं होतं.

सकाळी हळद लागली. बारा वाजता कुसुम म्हणाली, काकू, तोंड चुरचुरतंय. एक वाजता ती लाल झाली. दोन वाजता तिचा डावा डोळा मिटला. आणि अडीच वाजता वेरूळहून दोन जीप भरून पाहुणे आले.

विहीणबाई सरळ आतल्या खोलीत. कुसुमची हनुवटी धरून त्यांनी तोंड वर केलं.

"ह्ये काय? पोरीच्या तोंडाला काय रोग हाय का? दावताना असं तोंड नव्हतं."

बाहेर पुरुषांत कुजबूज सुरू झाली. मी पुढं झाले, तोंड उघडलं, आणि तुमचा पाय माझ्या पायावर पडला. पुऱ्या वजनानिशी.

"रोग नाय," तुम्ही म्हणालात. "उटन्यात मुळी जास्ती पडली. माझ्या हातनं."

"मुळीनं असं होतं व्हय?"

"होतंय."

"आमाला कसं कळावं?"

तुम्ही उटण्याची वाटी मागवलीत. नाकाशी नेलीत, क्षणभर थांबलात. मग चार बोटं भरून स्वतःच्या उजव्या गालाला, कपाळाला, हनुवटीला लावलीत.

"आता बसा," तुम्ही म्हणालात. "च्या घ्या. माझंबी तसंच झालं तर मुळी. नाय झालं तर तुमी म्हनाल ते."

विहीणबाई बसल्या. मांडीवर पिशवी, डोळे तुमच्या गालावर. तुम्ही समोर. मध्ये चहा. लग्नघरात वाजंत्री थांबलेली, आणि दोन बायका एका गालाची वाट बघत बसलेल्या. दर थोड्या वेळानं विहीणबाई पुढं वाकायच्या.

"काय बी न्हाई, बाई."

"थांबा की. तिला घाई नसती."

"लालसुद्धा न्हाई."

"माझं कातडं पाचोडच्या उन्हातलं हाय. येळ लागंल."

मी दाराशी उभी राहून आयुष्यात पहिल्यांदा देवाकडं मागत होते, की माझ्या जावेचं तोंड सुजू दे.

शेवटी विहीणबाईंना धीर धरवेना. "द्या हिकडं," म्हणून त्यांनी वाटी ओढली आणि स्वतःच्या मनगटावर उटणं चोळलं. अर्ध्या तासात त्या खाजवायला लागल्या. मग एकदम ओरडल्या, आणि त्या ओरडण्यात चक्क आनंद होता, "आवो, माझाबी हात चुरचुरायलाय! लालभडक झाला बघा!" त्यांनी वर बघितलं तर तुमचा उजवा गाल पुरणपोळीसारखा टम्म फुगलेला. त्या हसायला लागल्या. तुम्हीही हसलात, अर्ध्याच तोंडानं, कारण उरलेलं हलत नव्हतं.

लग्न दुसऱ्या दिवशी वेळेवर लागलं. फोटोवाल्यानं नवरीला डावीकडून आणि नवरीच्या आईला उजवीकडून सावलीत उभं केलं. तरी फोटोत तुम्ही दोघी कुणाशी तरी मारामारी करून आल्यासारख्या दिसता. विहीणबाई मध्ये उभ्या आहेत आणि मनगट पुढं धरून आहेत, पुरावा म्हणून.

पाहुणे गेल्यावर, घर रिकामं झाल्यावर, मी तुमच्यापाशी येऊन बसले. दोन दिवस जेवण गेलं नव्हतं मला. म्हटलं, "आक्का, ते उटणं..."

"मला ठावं हाय."

"कसं?"

"तुझं तोंड बघूनच कळलं. मंग वाटी हुंगली. वासच नव्हता तिला. घरात येकच नाक असं हाय, ज्याला वास नसल्याचं कळत नाय."

म्हणजे ते काय आहे हे कळल्यावर तुम्ही ते तोंडाला लावलं होतंत.

"मग माझं नाव का नाही सांगितलंत?"

तुम्ही गालावर ओलं फडकं धरून बसला होता. "कुसुम माझी हाय," तुम्ही म्हणालात. "आईच्या हातनं चुकलं तर लोक हसत्यात. चुलतीच्या हातनं चुकलं तर लोक हसत नसत्यात. कायबाय बोलत्यात. तुला ह्या घरात अजून लई वर्षं काढायचीत."

मी त्या वेळी बोलायला हवं होतं. तुम्ही फडकं माझ्या हातात दिलंत आणि म्हणालात, "पिळून आन."

नंतर तुम्ही मला अत्तारमियांकडं घेऊन गेलात. सुजेवर त्यांनी गुलाबपाणी आणि चंदन दिलं. मग तुम्ही माझ्याकडं बोट केलंत, "मियां, हिच्या नाकाला इलाज हाय का?" त्यांनी दोन पुरचुंड्या बांधून माझ्यासमोर धरल्या. एकीत जुनी मुळी, दुसरीत साधी लाकडाची ढलपी. मी दोन्ही हुंगल्या. मला फरक कळला नाही.

मियां हसले नाहीत. "मास्टरनीबाई, ये बास कुछ लोगां को आताइच नै," ते म्हणाले. "पैदाइशी बात है. मेरे बडे भाई को भी नै आता था. वालिदसाब उनको दुकान पे बैठने नै दिए."

तुम्ही विजयानं माझ्याकडं बघितलंत. आणि मी, पदवीधर, काय म्हणाले? "विकणारा माणूस असंच सांगणार." पायरी उतरता उतरता म्हणाले. मियांना ऐकू गेलं असणार. त्या वाक्याची मला आजही लाज वाटते. मला घरी पोचण्याआधीच कळलं होतं की ते खरं बोलले. पण मी ते तुमच्यापाशी कबूल केलं नाही. त्या वर्षी नाही, पुढच्या वर्षी नाही, कधीच नाही. लग्नाच्या वेळी तुम्ही मला वाचवलंत ते ओझं इतकं होतं, की निदान या एका गोष्टीत तरी मला हरायचं नव्हतं. कसला हा हिशेब, पण माणूस असाच वागतो.

तुम्ही मात्र त्यानंतर एक नवीनच काम काढलंत. मला तो वास सांगायचं. भाजी निवडताना अचानक म्हणायचात, "कोरी इरकल पहिल्यांदा उलगडली की येतो नं, तसा. पर त्याहून गार." कधी, "न्हालेल्या लेकराच्या टाळूवानी." एकदा बसमध्ये, सगळ्यांसमोर, "आई पाचोडचा बाजार करून आली की तिच्या पदराला यायचा. तिनं काय मुळी बघितली बी नव्हती, पर यायचा." मी दर वेळी म्हणायचे, "काल वेगळं सांगितलं होतंत." तुम्ही म्हणायचात, "काल वेगळा आला व्हता." या जगात ज्यांना तो वास येतो त्यांना तो एकच येतो. मला न येऊन तो दहा-वीस तऱ्हांनी मिळाला. हे तुम्हाला सांगायचं राहिलं.

मियां गेले. दुकानात चपला विकायला आल्या. आपण मुकुंदवाडीला राहायला आलो, दोघींचे यजमान एकामागून एक गेले, आणि घरात आपण दोघी आणि मुळ्यांचे डबे उरलो. मुंबईहून पार्सलनं येणारी मुळी कोवळी असायची, म्हणून तुम्ही ती घरीच मुरवायचात. मी प्रत्येक डब्यावर भरल्याच्या तारखेची चिठ्ठी लावायचे. शास्त्राचा तेवढाच उपयोग तुम्ही मान्य केला होता.

दोन वर्षांपूर्वी तुम्हाला मोठा ताप आला. उठलात, बऱ्या झालात. एके सकाळी डबा उघडून तुम्ही नाक आत घातलंत, डोळे मिटलेत आणि म्हणालात, "वा! यंदाची लई भारी उतरली."

"आक्का, तो बेसनाचा डबा आहे."

मला वाटलं रडाल. तुम्ही झाकण लावलंत.

"कवापास्नं?" मी तुमच्याच भाषेत विचारलं.

"तापापास्नं. कायबी येत नाय. फोडणीचा बी नाय." मग माझ्याकडं बघून, "हसू नगंस. आता दोघी सारख्या झालो."

मी हसले नव्हते. चाळीस वर्षांच्या भांडणात पहिल्यांदा तुम्ही माझ्या बाजूला आला होता, आणि मला ते अजिबात नको होतं.

कुणाला सांगायचं नाही असं ठरलं. पण पावडर तर करायची होती, आणि घरात कामाचं नाक एकही नव्हतं. तेव्हा तुम्हीच म्हणालात, "वेरूळला कार्ड टाक." हळदीच्या दिवशी सुजलेल्या मनगटाची भरपाई म्हणून तुम्ही विहीणबाईंना खऱ्या पावडरीची डबी दिली होती, तेव्हापासून त्या तिच्याशिवाय घराबाहेर पडत नव्हत्या. त्या एसटीनं आल्या. चहाला नावं ठेवली. डब्यात नाक घातलं, आणि जराही विचार न करता म्हणाल्या, "चार म्हैने कमी हाय." मी चिठ्ठी बघितली. मुरायला चार महिने बाकीच होते. त्या दिवसापासून दर महिन्याला त्या यायच्या, चहाला नावं ठेवायच्या, हुंगायच्या आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जायच्या. मुकुंदवाडीतल्या बायका अजून म्हणतात, आक्काच्या नाकाला तोड नाही.

दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात मी ठरवून आले होते. दुपार होती, नर्स नुकतीच तुमची बोलणी खाऊन गेली होती. मी खुर्ची पुढं ओढली. म्हटलं, "आक्का, एक सांगायचं होतं. ते अत्तारमियां म्हणाले होते ना, ते..."

"गप गं," तुम्ही डोळे न उघडता म्हणालात. "झोपू दे."

मी तुम्हाला झोपू दिलं.

म्हणून आता लेखी देते. वास आहे. पहिल्या सकाळी तळहातावरही होता, लवंगेच्या मागं. माझं नाक जन्मापासून अपुरं आहे. मियां खरे होते, मुकुंदवाडीच्या बायका खऱ्या होत्या आणि तुम्ही खऱ्या होता. आणि कुसुमचं तोंड मी सुजवलं, तुम्ही नाही.

हे शेवटचं मी काल विहीणबाईंना सांगितलं. तुमच्या दिवसांसाठी आल्या होत्या, बाकी सगळे गेले, त्या राहिल्या. मी हिय्या करून म्हटलं, "त्या दिवशीचं उटणं आक्कांनी नव्हतं केलं. मी केलं होतं."

त्या तांदूळ निवडत होत्या. मानसुद्धा वर केली नाही. "आता काय नवं सांगायल्या? तुमच्या जावंनं दुसऱ्याच वर्षी सांगितलंय मला."

"दुसऱ्या वर्षी?"

"व्हय. म्हनली, कुनाला बोलू नगा, मास्तरनीला वाईट वाटंल. कुसुमला बी ठावं हाय. माझ्या पोराला बी."

म्हणजे आक्का, एवढी वर्षं जे गुपित मी जिवापाड जपलं, ते सगळ्या वेरूळला माहीत होतं, आणि सगळं वेरूळ ते माझ्यापासून जपत होतं! तुम्ही म्हणे मितभाषी!

मी उठून स्वयंपाकघरात गेले. कशाला गेले ते आठवेना. समोर तुम्ही शेवटचा भरलेला डबा होता. तो आणून मी विहीणबाईंपुढं ठेवला. त्यांनी हात पुसले, झाकण काढलं, नाक आत घातलं. या वेळी त्या डब्यातच बराच वेळ राहिल्या. बाहेर आल्या तेव्हा नाक लाल होतं.

"सा म्हैने कमी हाय," त्या म्हणाल्या.

"मग तुम्ही सहा महिन्यांनी या. मी कार्ड टाकते."

"कारड कशाला?" त्यांनी पदरानं नाक पुसलं आणि सूप पुन्हा मांडीवर घेतलं. "मी हितंच राहते की तवर. पोराला सांगितलंय. पर च्या मी करनार. तुमचा च्या म्हंजी निस्तं गरम पानी."

तर आक्का, तुमच्या खोलीत त्यांचं अंथरूण घातलंय. तुमची खिडकीकडची बाजू त्यांना दिली. सकाळपासून त्यांनी तिखट-मिठाच्या डब्यांच्या जागा बदलल्यात, दूधवाल्याशी एकदा वाजलंय, आणि आत्ता त्या आतून हाक मारायल्या आहेत, की मास्तरनीबाई, लिहिणं पुरे, च्या निवायलाय. जाते.